ट्रॅक डेसाठी स्पोर्ट्स कार तयार करताना: आधी ब्रेक, मग बाकी सगळं

ट्रॅक डे म्हणजे आपली स्वतःची गाडी शर्यतीशिवाय रेसिंग ट्रॅकवर चालवायचा दिवस. पहिल्यांदा ट्रॅकवर गाडी नेणाऱ्या बहुतेकांची खर्चाची यादी उलटी असते. सगळ्यात वर एक्झॉस्ट, मग एअर फिल्टर, इंजिनाचं रीमॅप (ताकद वाढवायला कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), जमलंच तर डिकीवर पंख. आणि अगदी तळाला, पैसे उरले तर, ब्रेक ऑइल. ट्रॅक डेला दुपार झाली की पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. त्यांतली ताकद कमी पडली म्हणून थांबलेली एकही मी अजून पाहिलेली नाही. कुणाचं ब्रेक पेडल तळाला जातं, कुणाचं कूलंट बाहेर येतं, कुणाच्या टायरचे बाहेरचे काठ संपतात. तिन्हीच्या मुळाशी उष्णता असते. रस्त्यावर गाडी काही सेकंद जोरात चालते आणि मग तिला श्वास घ्यायला वेळ मिळतो. ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटं तो मिळत नाही. म्हणून नवख्याने गाडीची तयारी करायची ती जास्त पळण्यासाठी करू नये, तापल्यावरही ती नीट वागावी यासाठी करावी.

मी हौशी ड्रायव्हर आहे, मेकॅनिक नाही. स्वतःच्या हाताने जमतील अशी कामं कोणती आणि गॅरेजवाल्याकडून करून घ्यायची ती कोणती, हे खाली त्या त्या जागी सांगितलं आहे.

गाडी आणि ट्रॅक निवडताना

गाडी आधीच घेतली असेल तर हा भाग सोडून द्या. घ्यायची असेल तर वजनाकडे पाहा, हॉर्सपॉवरकडे नंतर. हलकी गाडी ब्रेक कमी तापवते, टायर कमी खाते आणि चुकली तरी सावरायला वेळ देते. १९८९ मध्ये आलेली पहिली माझदा एमएक्स-५ जेमतेम एक टनाची आहे, आणि आजही जगभरच्या ट्रॅक डेला ती हमखास दिसते ती याच कारणाने. १९९६ ची पहिली लोटस एलिस तर साडेसातशे किलोच्याही आत होती. चारशे हॉर्सपॉवरची जड गाडी नवख्याला सरळ रस्त्यावर खूश करते आणि वळणावर घाबरवते.

ट्रॅक रुंद हवा आणि वळणांच्या बाहेर मोकळी जागा हवी. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफचं स्वप्न बरेच जण पाहतात, पण १९२७ मध्ये सुरू झालेला, २०.८ किलोमीटरचा, सत्तरहून जास्त वळणांचा आणि कठड्यांना चिकटून जाणारा तो ट्रॅक पहिल्या दिवसासाठी नाही. नोंदणी करताना नवशिक्यांचा वेगळा गट आहे का आणि शिकवणारा प्रशिक्षक मिळेल का, हे विचारा. आवाजाची मर्यादाही विचारून घ्या. बऱ्याच ट्रॅकवर गाडी उभी करून एक्झॉस्टजवळ डेसिबल मोजतात आणि मर्यादेच्या वर गेलेल्या गाडीला सकाळीच परत पाठवतात. नोंदणीचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत.

विम्याची पॉलिसी काढून वाचा. नेहमीच्या पॉलिसीत ट्रॅकवरचं नुकसान बहुधा धरलेलं नसतं. ज्या गाडीचा चुराडा झाला तर सोसणार नाही, ती गाडी ट्रॅकवर नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंधरा दिवस आधी: गाडी वर उचलून पाहा

ही तपासणी आदल्या रात्री करू नका. काही खराब निघालं तर पार्ट मागवायला वेळ हवा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीच जाऊ नका, स्टँड लावा. मग एकेक चाक वर-खाली धरून हलवा आणि नंतर आडवं धरून हलवा. वर-खाली खटखट आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवी आली तर बहुधा स्टेअरिंगचा टाय रॉड. चाक हाताने फिरवून घरघर ऐका. ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटले आहेत का, शॉकअब्सॉर्बरमधून तेल गळतंय का, ब्रेकच्या रबरी नळ्यांना भेगा पडल्या आहेत का, हे टॉर्च घेऊन पाहा. बॅटरी हाताने हलवा. हलली तर क्लॅम्प घट्ट करा. काही शंका आली तर इथेच गॅरेज गाठा. रस्त्यावर सहा महिने सहज निघाला असता असा बेअरिंग ट्रॅकवर एका सकाळीत जाऊ शकतो.

ब्रेक: इथे घाई करू नका

आधी थोडं गणित. गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. त्यामुळे ताशी १८० किलोमीटरवरून ९० वर येताना ब्रेकला जेवढी उष्णता गिळावी लागते, ती ताशी ९० वरून पूर्ण थांबण्याच्या तिप्पट असते. रस्त्यावर असं ब्रेकिंग महिन्यातून एकदाही होत नाही. ट्रॅकवर ते एका फेरीत तीन-चार वेळा होतं, आणि पुढची फेरी लगेच सुरू होते.

ती उष्णता डिस्कमधून (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) पॅडमध्ये (तिच्यावर घासणारे ठोकळे), पॅडमधून कॅलिपरमध्ये (पॅड दाबणारी पकड) आणि कॅलिपरमधून ब्रेक ऑइलमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि जितकं पाणी जास्त तितकं ते लवकर उकळतं. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर मानकात तोच किमान १५५ धरलेला आहे. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पेडल मऊ पडतं आणि तळाला जातं. वळण समोर आलेलं असताना हे कळणं फार महागात पडतं.

म्हणून पहिला खर्च हाच: ट्रॅक डेच्या आधी ब्रेक ऑइल पूर्ण बदला. सीलबंद डबा घ्या. मागच्या वर्षीचा अर्धा उरलेला नको. चांगलं डॉट ४ किंवा डॉट ५.१ पहिल्या दिवसाला पुरतं. ३०० अंशांच्या वर उकळणारं रेसिंग ऑइलही मिळतं, पण ते वारंवार बदलावं लागतं. डॉट ५ मात्र चुकूनही घेऊ नका. नावात आकडा सारखाच वाटला तरी ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही.

ऑइल बदलून हवा काढण्याचं काम दोघांत घरी होतं. एकजण आत बसून पेडल दाबून धरतो. दुसरा चाकापाशी कॅलिपरवरचं निपल (ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) पान्याने सैल करून जुनं ऑइल पारदर्शक नळीतून बाटलीत सोडतो. पेडल तळाला गेलं की आधी निपल बंद, मगच पाय वर. ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ हे शब्द आधी ठरवून घ्या आणि आतल्या माणसाने ‘सोड’ ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. वरच्या टाकीतलं ऑइल कधीही संपू देऊ नका, नाहीतर पुन्हा हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची हे गाडीगाडीप्रमाणे बदलतं. मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं. यातलं काही पहिल्यांदाच करत असाल तर माहीतगार माणूस शेजारी हवा. ब्रेकवर एकट्याने शिकू नये.

आता पॅड. ऑइल उकळलं तर पेडल मऊ पडतं. पॅड त्यांच्या क्षमतेपलीकडे तापले तर उलट होतं: पेडल टणक राहतं, पाय जोरात दाबता, आणि गाडी मात्र थांबत नाही. हा फरक लक्षात ठेवा, म्हणजे पिटमध्ये आल्यावर काय बिघडलं ते लगेच सांगता येईल. कंपनीचे साधे पॅड थंडीत पहिल्या स्पर्शाला धरतात, पण ट्रॅकवर लवकर दमतात. पूर्ण रेसिंग पॅड याच्या उलटे: तापल्यावर अप्रतिम, पण थंड असताना धरत नाहीत, किंचाळतात आणि चाकं काळी करतात. रोज चालवायच्या गाडीला मधल्या दर्जाचे, रस्ता आणि हलका ट्रॅक दोन्हीसाठी बनवलेले पॅड पुरतात. ट्रॅक डेला निघताना पॅडची जाडी निम्म्याहून जास्त असायला हवी. पातळ झालेला पॅड उष्णता अडवत नाही, ती सरळ ऑइलकडे पाठवतो.

नवे पॅड बसवले की ते डिस्कवर मुरवावे लागतात: मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून पूर्ण न थांबता लागोपाठ काही वेळा ब्रेक लावायचे, मग ब्रेकला हात न लावता काही किलोमीटर चालवून थंड होऊ द्यायचं. पॅड बनवणाऱ्याची पद्धत डब्यावर असते, तीच पाळा. डिस्कच्या कडेला किंवा टोपीवर (मधला उंच भाग) किमान जाडी कोरलेली असते. तिच्याजवळ पोहोचलेली डिस्क बदलून टाका. वरवरच्या केसासारख्या रेषा चालतात. नख अडकेल अशी किंवा कडेपर्यंत गेलेली भेग दिसली की ती डिस्क भंगारात.

मोठे कॅलिपर, भोकं पाडलेल्या डिस्क वगैरे सध्या विसरा. भोकांपासूनच भेगा सुरू होतात.

टायर आणि हवा

पहिल्या दिवसाला आहेत ते चांगले रस्त्याचे टायर ठेवा. त्यांची पकड कमी असते आणि सुटायच्या आधी ते आवाज करून सांगतात. शिकणाऱ्याला तेच हवं. २०१२ मध्ये आलेल्या टोयोटा जीटी८६ ला कंपनीने प्रियस या पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीच्या काही मॉडेलवर मिळणारेच टायर दिले होते, आणि ती गाडी कमी वेगातही खेळकर वाटते याचं बरंचसं श्रेय त्या टायरना जातं. सेमी-स्लिक (जवळजवळ नक्षी नसलेले, जास्त पकडीचे ट्रॅकचे टायर) बसवून पहिल्याच दिवशी गेलात तर वेग वाढतो, पण गाडी नेमकी कुठे सुटते ते कळतच नाही. कळतं तेव्हा खूप वेगात कळतं. शिवाय वाढलेल्या पकडीचा ताण ब्रेक, बेअरिंग आणि इंजिनातल्या तेलावर येतो.

टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा. ३५२१ म्हणजे २०२१ सालच्या ३५व्या आठवड्यातला. नक्षी नवी दिसत असली तरी वयाने म्हातारा झालेला कडक टायर ट्रॅकवर नेऊ नका.

हवेचं गणित रस्त्यापेक्षा वेगळं आहे. २० अंशांना ३० पीएसआय भरलेली हवा टायर ७० अंशांपर्यंत तापला की ३७ च्या पुढे जाते. टायर फुगतो, मधल्या पट्टीवर चालू लागतो, आणि पकड जाते. म्हणून महत्त्वाचा आकडा गरम टायरचा. सकाळी कंपनीने सांगितलेली हवा भरून निघा. पहिलं सेशन (ट्रॅकवरची एक खेप) संपवून पिटमध्ये शिरलात की लगेच मोजा. पाच मिनिटं गप्पा मारून मोजलेला आकडा निरुपयोगी. मग थोडी थोडी हवा काढत गरम आकडा कंपनीच्या थंड आकड्याच्या जरा वर राहील असं बघा. टायरच्या खांद्यावर खडूने रेघा ओढून ठेवा. खडू नक्षीच्या पार खाली कडेच्या भिंतीपर्यंत पुसला गेला तर हवा फार कमी आहे. खांद्यावरही शाबूत राहिला तर जास्त आहे. स्वतःचा एकच गेज वापरा, कारण दोन गेज सहसा एकसारखं सांगत नाहीत. आणि संध्याकाळी घरी निघण्याआधी हवा पुन्हा भरा. हे फार जण विसरतात.

चाकांचे नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. पायाने पान्यावर उभं राहून नाही. पहिल्या सेशननंतर चाकं थोडी निवली की पुन्हा तपासा.

अलाइनमेंटबद्दल एवढंच: बाहेरचा खांदा झपाट्याने झिजताना दिसला तर पुढच्या वेळी पुढच्या चाकांना थोडा निगेटिव्ह कॅम्बर द्या, म्हणजे चाकाचा वरचा भाग किंचित आत झुकवून घ्या. तोपर्यंत हात लावू नका.

तेल, कूलंट, पेट्रोल

वळणात एक जी, म्हणजे गाडीच्या वजनाइतका, आडवा जोर आला की सम्पमधलं (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातलं) तेल ४५ अंशांत कलंडतं. तेल कमी असेल तर पंप तेवढ्यात हवा ओढतो, आणि बेअरिंगला तेल न मिळालेले दोन सेकंद नव्या इंजिनाच्या किमतीचे असतात. म्हणून ताजं तेल, पातळी डिपस्टिकच्या (तेल मोजायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेवर, त्याच्या वर नाही. ग्रेड मॅन्युअलमध्ये परवानगी असलेल्यांपैकी जाड घ्या. दर सेशननंतर गाडी सपाट जागी थोडा वेळ उभी करून डिपस्टिक काढा. जोरात चालणारं इंजिन रस्त्यापेक्षा जास्त तेल खातं.

कूलंट जुनं असेल तर बदला, होजपाइप हाताने दाबून बघा, आणि झाकणाचं रबर पाहा. झाकणाने धरलेल्या दाबामुळेच पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण गळकं असेल तर बाकी सगळं व्यवस्थित असूनही गाडी उकळते. रेडिएटरसमोर अडकलेली पानं आणि किडे काढा. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पिटमध्ये दर वेळी कुणीतरी हात पुढे करतोच.

पेट्रोल रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं. टाकी पाव भागाखाली गेली की लांब वळणात बऱ्याच गाड्या खोकतात, कारण पेट्रोल पंपापासून दूर सरकतं. अर्ध्यावर आलं की भरून या.

तुम्ही स्वतः

हेल्मेट मोटरसायकलचं नको, गाडीचं घ्या. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेच्या शिक्क्यात एसए अक्षरं असलेलं हेल्मेट आगीला तोंड देण्यासाठीही तपासलेलं असतं, एम अक्षराचं नसतं. आयोजक कोणतं साल चालवून घेतात ते विचारून मगच खरेदी करा. सुती, लांब बाह्यांचे कपडे घाला. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. बूट पातळ तळाचे हवेत.

सीट एवढी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील, आणि खांदे सीटच्या पाठीला टेकलेले असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचेल. ही फुकटची सुधारणा कुठल्याही स्प्रिंगपेक्षा मोठी आहे.

कंपनीचा तीन ठिकाणी बांधणारा बेल्ट पुरतो. चार पट्ट्यांचा हार्नेस नुसत्या सीटवर लावणं धोक्याचं आहे: गाडी उलटली तर तो तुम्हाला सरळ बसवून ठेवतो आणि छत खाली येतं. हार्नेस, योग्य सीट, रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान) आणि मानेचं संरक्षण हे सगळं एकदम यायला हवं, नाहीतर काहीच नको. उघड्या छताच्या गाडीत रोल बार हवाच. बारच्या वरच्या टोकापासून काचेच्या चौकटीपर्यंत सरळ काठी धरा. हेल्मेट घातलेलं डोकं तिच्या खाली राहिलं पाहिजे.

आदल्या रात्री

गाडी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पायपुसण्या, बाटल्या, सीटखालची नाणी, सगळं बाहेर. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट आधी काढा. ती सरकून पेडलखाली जाते. टोइंगचा हुक बसवून पाहा, आटे गंजले असतील तर तो ट्रॅकवर बसणार नाही. सोबत न्यायचं ते थोडकं: टॉर्क रेंच, हवेचा गेज, पंप, एक लिटर इंजिन ऑइल, सीलबंद ब्रेक ऑइल, पाना आणि नळी, चिकटपट्टी, चाकाला लावायची दोन अडणी, पिण्याचं भरपूर पाणी, आणि वही.

ट्रॅकवर

सकाळची ब्रीफिंग चुकवू नका. झेंडे पाठ हवेत: पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये, निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, पिवळे-लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुमच्या गाडीत काहीतरी बिघडलंय, आत या. ओव्हरटेक सहसा पुढच्याने हाताने इशारा दिल्यावरच करायचा असतो. कुणाला पुढे जाऊ देण्यात कमीपणा नाही. उलट मोकळा रस्ता मिळतो.

ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्थिरतेची यंत्रणा चालू ठेवा. पहिली फेरी टायर आणि ब्रेक तापवायची, शेवटची निववायची. मधल्या फेऱ्याही सलग वीस मिनिटं मारायच्या नाहीत. पाच-सहा झाल्या की एक सावकाश घ्या. ब्रेक पेडल नेहमीपेक्षा थोडं जरी खोल गेलं, वास आला किंवा तापमानाचा काटा चढला, तर त्याच फेरीत आत या. ‘एवढी एक फेरी’ हे वाक्य पिटमध्ये टोइंगच्या गाडीबरोबर फार ऐकू येतं. पहिल्या दिवशी वेळ मोजू नका. मोबाइलवरचं लॅप टायमर बंद.

पिटमध्ये थांबल्यावर हँडब्रेक लावू नका आणि पेडलवर पाय ठेवून बसू नका. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी आपला थर सोडतो, आणि मग ब्रेक लावताना स्टेअरिंग थरथरतं. लोक त्याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बहुतेक वेळा तो हा चिकटलेला थरच असतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडणी लावा, बॉनेट उघडा.

दमलात तर शेवटचं सेशन सोडून द्या. दिवसअखेर माणूस थकलेला, टायर तापून निसरडे आणि आत्मविश्वास जास्त असतो, आणि भिंतीला लागलेल्या गाड्या मला तरी दुपारनंतरच जास्त दिसल्या आहेत.

परतल्यावर

त्याच आठवड्यात चाकं काढून पॅडची जाडी मोजा, डिस्क पाहा, कॅलिपरचे रबर करपलेत का ते बघा. पेडल मऊ वाटत असेल तर ऑइल पुन्हा बदला. एकदा उकळलेल्या ऑइलवर भरवसा ठेवू नये. टायरच्या बाहेरच्या आणि आतल्या काठाची खोली मोजून लिहा. वहीत थंड आणि गरम हवा, घातलेलं तेल, बाहेरचं तापमान आणि पॅडची जाडी या नोंदी हव्यातच. दुसऱ्या ट्रॅक डेला सकाळी हवा किती भरायची हे त्यावरूनच ठरेल, आणि नवे पॅड मागवायचे की नाही हेही.

पुढचा पैसा कुठे घालायचा याचा माझा क्रम असा आहे: आधी दिवसभराचा प्रशिक्षक, मग चांगले पॅड, मग टायर, मग सीट, त्यानंतर शॉकअब्सॉर्बर. एक्झॉस्ट त्या यादीत आहे, पण पुष्कळ खाली.